ब्रसेल्सच्या बारमध्ये पहिली स्ट्राँग बेल्जियन बिअर: कशी मागवावी, कशी चाखावी

ब्रसेल्सला कामासाठी किंवा फिरायला गेलेल्या बऱ्याच जणांची पहिली बेल्जियन बिअर एकाच पद्धतीने संपते. दिवसभर पायपीट झालेली असते, घसा कोरडा पडलेला असतो, समोर सोनेरी रंगाची थंडगार बाटली येते आणि साध्या लागरसारखी, म्हणजे आपल्या नेहमीच्या फिकट बिअरसारखी, गटागटा पोटात जाते. माझंही तसंच झालं. पहिल्या संध्याकाळी पाऊण तासात दोन बाटल्या संपवल्या. चव विचाराल तर ‘जरा गोडसर’ एवढंच आठवत होतं, आणि उठताना पाय जड झाले होते. दुसऱ्या दिवशी एका जुन्या कॅफेत वेटरने तीच बिअर नीट ओतून दिली आणि त्या एकाच ग्लासवर मी पाऊण तास बसलो. तेवढ्या वेळात त्या बिअरची चव तीनदा बदलली. तुमची पहिलीच संध्याकाळ अशी जावी म्हणून हे सगळं लिहितोय.

ताकदीचा हिशेब आधी करा

रोजची लागर साधारण ५ टक्क्यांची असते. बेल्जियमच्या स्ट्राँग एल, म्हणजे उबेत आंबवलेल्या बिअर, ८ पासून ११ टक्क्यांपर्यंत जातात. आकडा छोटा वाटतो, म्हणून तो मापात मांडून बघा. ३३० मिलिलिटरच्या बाटलीत ८.५ टक्के म्हणजे सुमारे २८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते १२ मिलिलिटर असतं. म्हणजे एक बाटली म्हणजे सव्वादोन पेगपेक्षा थोडं जास्तच. रोशफोर १० नावाची गडद बिअर ११.३ टक्क्यांची आहे, तिची एक बाटली तीन पेगच्या वर जाते. हा हिशेब डोक्यात असला की घोट आपोआप लहान होतात.

अडचण अशी की जिभेला ही ताकद कळत नाही. त्याचं कारण बिअर बनवण्याच्या पद्धतीत आहे. माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) पाणी उकळताना बेल्जियन ब्रूअर त्यात साखर घालतात. तिला कँडी शुगर म्हणतात, आपल्या खडीसाखरेचीच बहीण. यीस्ट ही साखर जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं. त्यामुळे अल्कोहोल वाढतं, पण बिअर जड होत नाही. एवढी ताकद नुसत्या माल्टमधून आणली असती तर बिअर काकवीसारखी दाट झाली असती. शिवाय बाटली बंद करताना आत थोडं यीस्ट आणि साखर ठेवतात, बाटलीतच पुन्हा एकदा आंबवण होते आणि त्यातून बारीक, दाट बुडबुडे तयार होतात. कोरडी (म्हणजे गोडवा न उरलेली), हलकी, फसफसणारी बिअर पिताना ती साडेआठ टक्क्यांची आहे असं कोणाला वाटणार?

हे इतकं स्ट्राँग कशासाठी, त्यामागे एक कायदाही आहे. १९१९ साली व्हांडरव्हेल्डे कायद्याने बेल्जियमच्या कॅफे-बारमध्ये जिन आणि तत्सम कडक दारू विकायला बंदी आली. ती १९८०च्या दशकापर्यंत टिकली. बारमध्ये बसून काही कडक घ्यायचं तर बिअरच उरली, आणि ब्रूअरनी ती मागणी पुरी केली.

आधी जेवा, मग जा

रिकाम्या पोटी जाऊ नका. याला पर्याय नाही. तहान लागली असेल तर आधी पाणी प्या आणि तहान पूर्ण भागवा. स्ट्राँग एल तहानेसाठी नसतेच. बेल्जियमच्या बारमध्ये पाणी बहुतेक वेळा बाटलीतलं, विकतचं मिळतं. ते घ्या, पैसे वाचवू नका. एका बिअरमागे निदान तेवढंच पाणी.

फ्राइज मागवणार असाल आणि शाकाहारी असाल किंवा बीफ खात नसाल, तर कशात तळल्या आहेत ते विचारा. पारंपरिक बेल्जियन फ्राइज गोमांसाच्या चरबीत तळतात. हे मला कोणीही सांगितलं नव्हतं.

बिअरसोबत तिथे सगळ्यात जास्त दिसतात ते चीजचे छोटे चौकोनी तुकडे, बाजूला मोहरीची चटणी आणि सेलरीच्या चवीचं मीठ. हेच मागवा. खारट चीजने बिअरची फळांची चव उठून येते. तिखट काही घेऊ नका. तिखटाने जीभ पेटली की अल्कोहोल जास्त जाळतं आणि बाकीचं काहीच कळत नाही.

बार कुठला

ब्रसेल्समध्ये ग्रां-प्लास या मुख्य चौकाच्या आसपास चालत पाच-दहा मिनिटांत डझनभर बार आहेत. डेलिरियम कॅफे प्रसिद्ध आहे. २००४ साली २,००४ प्रकारच्या बिअर ठेवल्याबद्दल त्याची गिनेस बुकमध्ये नोंद झाली. बघायला जरूर जा, पण चाखायला रात्रीच्या गर्दीत नको. शेजारी कोणी ओरडत असेल तर वासाकडे लक्ष राहत नाही. मानेकन पिसच्या पुतळ्यासमोर पूशेनेलकेल्डर आहे, छताला जुन्या कठपुतळ्या टांगलेल्या. दुपारी चारच्या सुमारास, टेबल मोकळं असताना अशा जागी बसा. आ ला मोर सुबित या कॅफेची उंच छतं आणि आरसे बघण्यासारखे आहेत, पण तिथे सगळ्यांच्या तोंडी नाव असतं ते आंबट लॅम्बिक बिअरचं. तो पूर्ण वेगळा विषय आहे.

मेन्यूवरचे शब्द

मेन्यू पुस्तकासारखा जाड असेल. घाबरू नका, चार शब्द पुरतात. ‘ब्लॉन्ड’ म्हणजे फिकट सोनेरी. ‘डुबल’ म्हणजे तपकिरी, साधारण ६ ते ७.५ टक्के, मनुका आणि भाजलेल्या ब्रेडची चव. ‘ट्रिपल’ पुन्हा सोनेरी, पण ८ ते १० टक्क्यांची, कोरडी, मसाल्याच्या वासाची. ‘क्वाड्रुपल’ म्हणजे गडद आणि सगळ्यात भारी. नाव ऐकून ट्रिपल डुबलपेक्षा गडद असेल असं वाटतं, ते चूक आहे.

दुसरी चूक बाटलीवरच्या आकड्यांमुळे होते. रोशफोर ६, ८ आणि १०, वेस्टफ्लेटेरन १२, सिंट बर्नार्डस १२. हे आकडे अल्कोहोलचे टक्के नाहीत. आंबवण्याआधी माल्टच्या पाण्यात साखर किती होती, ते मोजायच्या जुन्या बेल्जियन मापाचे ते अंश आहेत. म्हणून रोशफोर १० ही ११.३ टक्क्यांची, तर वेस्टफ्लेटेरन १२ ही १०.२ टक्क्यांची. खरा आकडा लेबलवर किंवा मेन्यूत बारीक अक्षरात असतो. तोच वाचा.

‘ट्रॅपिस्ट’ आणि ‘ॲबी’ हे शब्द एकसारखे वाटतात, पण आहेत वेगळे. ट्रॅपिस्ट हा ख्रिस्ती साधूंचा एक पंथ. त्याचा षटकोनी शिक्का मिळवायचा तर बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली तयार व्हावी लागते आणि कमाई मठाच्या गरजांवर आणि समाजकार्यावर खर्च व्हावी लागते. बेल्जियममध्ये आज असे पाच मठ आहेत: वेस्टमाले, शिमे, रोशफोर, ओर्व्हाल आणि वेस्टफ्लेटेरन. ॲबी बिअर म्हणजे एखाद्या मठाच्या नावाने किंवा परवानगीने बाहेरच्या ब्रूअरीत बनवलेली. त्यातल्याही काही उत्तम आहेत, म्हणून शिक्का नसला तर नाक मुरडू नका.

पहिली कुठली घ्यायची? माझं उत्तर ठाम आहे: वेस्टमाले ट्रिपल, ९.५ टक्के. ट्रिपल म्हणजे काय हे जगाला याच बिअरने शिकवलं, तेव्हा सुरुवात मुळापासूनच करावी. एवढी ताकद नको वाटत असेल तर डुव्हेल घ्या, ८.५ टक्के. ब्रेनडोंक गावच्या मोर्टगाट ब्रूअरीने पहिल्या महायुद्धानंतर ती ‘व्हिक्टरी एल’ नावाने काढली होती. यीस्ट थेट स्कॉटलंडहून आणलेलं. १९२०च्या दशकात चाखायला बसलेला गावातला एक चांभार म्हणाला, ही तर खरी ‘डुव्हेल’, म्हणजे सैतान. नाव तेच राहिलं. आज दिसते तशी सोनेरी ती १९७० साली झाली, त्याआधी गडद होती.

वेस्टफ्लेटेरन १२ बद्दल तुम्ही ऐकलं असेल, ‘जगातली सर्वोत्तम’ वगैरे. पहिल्याच दिवशी तिच्या मागे लागू नका. मठ ती मुख्यतः स्वतःच्या दारातच विकतो, बारमध्ये दिसली तर महाग असते, आणि दोन-चार गडद बिअर चाखल्याशिवाय तिच्यात काय विशेष आहे ते लक्षात येत नाही.

मागवताना

वेटर बहुधा इंग्रजी बोलतो. तरी ‘बोंझूर’ (फ्रेंचमध्ये नमस्कार) आधी म्हणा, मग ऑर्डर. शेवटी ‘सिल वू प्ले’, म्हणजे प्लीज. नळावरच्या बिअरपेक्षा पहिल्यांदा बाटलीतली मागा, कारण बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली बिअरच आपल्याला समजून घ्यायची आहे. दोघं असाल तर एकच बाटली आणि दोन ग्लास मागायला संकोच करू नका. किंमत बहुतेक ठिकाणी पाच-सहा युरोच्या आसपास असते. टिप सक्तीची नाही, सुटे नाणी ठेवली तरी चालतं.

ग्लास त्या बिअरचाच हवा. बेल्जियममध्ये जवळजवळ प्रत्येक बिअरला स्वतःचा ग्लास आहे आणि वेटर हे फार गंभीरपणे घेतात. डुव्हेलचा ग्लास फुगीर, वर निमुळता, तळाशी कोरलेलं डी अक्षर. त्या कोरीव जागेवरून बुडबुडे सतत उठत राहतात आणि फेस टिकतो. शिमे आणि वेस्टमालेचा ग्लास रुंद तोंडाचा, जाड दांड्याचा. रुंद तोंडातून गडद बिअरचा वास मोकळा होतो.

ओतणं

दुसऱ्या दिवशीच्या त्या वेटरने केलं ते असं. ग्लास थंड पाण्याखाली धरला, आतून ओला केला, झटकला. कोरड्या ग्लासात फेस उसळतो, ओल्यात बिअर सरळ घसरत जाते. मग बाटली न हलवता उघडली. ग्लास तिरका धरून बिअर काचेच्या कडेवरून सावकाश सोडली. धार एकदाही तुटली नाही. अर्धा ग्लास भरल्यावर ग्लास हळूहळू सरळ केला आणि बाटली थोडी वर उचलली, म्हणजे धार मध्ये पडून फेस वर आला. बाटलीच्या तळाशी एक-दीड सेंटीमीटर राहिलं तेव्हा थांबला. ग्लास माझ्यासमोर ठेवला, बाटली शेजारी, लेबल माझ्याकडे वळवलेलं. वर तीन बोटं फेस होता, पांढरा, मऊ, काठाच्या वर उभा राहिलेला.

तुम्ही स्वतः ओतणार असाल तर हेच करा, फक्त घाई नको. फेस जास्त झाला तर थांबा, बसू द्या, मग पुढचं ओता. फेस म्हणजे वाया गेलेली बिअर, ही समजूत इथे सोडून द्या. वासाला धरून ठेवणारं झाकण तेच आहे. ओठांना लिपस्टिक, बाम किंवा फ्राइजचं तेल असेल तर आधी पुसून घ्या, नाहीतर फेस दोन मिनिटांत मरतो.

तळाचं यीस्ट बाटलीतच राहू द्या. त्याचं काम शेवटी आहे.

पहिले दहा मिनिटं: वास

लगेच पिऊ नका. ग्लास नाकापाशी आणा, दोन छोटे श्वास घ्या, बाजूला करा, पुन्हा घ्या. लांब श्वास ओढलात तर अल्कोहोलच नाकात भरतं. वेस्टमाले ट्रिपलमध्ये मला आधी पिकलेलं केळं येतं, मग लवंग आणि काळी मिरी, त्यामागून संत्र्याची साल. यातलं काहीही त्यात घातलेलं नसतं. हे काम यीस्टचं आहे. बेल्जियन यीस्ट २० अंशांच्या वर, उबेत आंबवतं, आणि त्या उबेत ते एस्टर आणि फिनॉल नावाची वासाची रसायनं तयार करतं. केळ्या-नासपतीचा वास एस्टरचा, लवंगेचा वास फिनॉलचा. लागरचं यीस्ट थंडीत काम करतं, म्हणून तिथे हा बाजार नसतो.

काहीच ओळखू आलं नाही तरी काळजी करू नका. स्वतःला नेमका प्रश्न विचारा: हा वास फळाचा आहे, मसाल्याचा की भाकरी-पावाचा? तिघांपैकी एक निवडा. फळ म्हणालात तर ताजं की सुकं? असं एकेक पाऊल गेलं की नाव आपोआप सापडतं. स्वयंपाकघरात वाढलेल्या नाकाला मसाल्याचे डबे चांगले पाठ असतात, फक्त इथे ते आठवायचे असतात.

घोट

पहिला घोट लहान. तो जिभेला सवय व्हावी म्हणून. दुसऱ्या घोटाला बिअर तोंडात तीन-चार सेकंद धरा, जिभेवरून फिरवा, गिळा आणि मग तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. हीच खरी युक्ती आहे. चवीचा मोठा भाग वासाचा असतो, आणि तो या सोडलेल्या श्वासातून मागच्या बाजूने नाकात चढतो. आधी न जाणवलेली लवंग इथे स्पष्ट कळते.

मग क्रम बघा. ट्रिपलमध्ये सुरुवात गोड, मधासारखी. मध्ये बुडबुडे जीभ पुसून काढतात. शेवटी कडवटपणा येतो आणि तोंड कोरडं पडतं. गोड सुरू होऊन कोरडं संपणं, हीच चांगल्या ट्रिपलची ओळख. शेवटीसुद्धा गोडच राहिली तर ती तेवढी जमलेली नाही, असं मी तरी मानतो.

आता ग्लास तसाच ठेवा. दहा मिनिटं गप्पा मारा, पाणी प्या, चीजचा तुकडा खा. बिअर ६-७ अंशांवरून १०-१२ वर येऊ द्या, हवं तर तळहात ग्लासाभोवती धरा. थंडीत झाकलेले वास आता बाहेर येतात. केळं मागे सरतं, मसाला आणि धान्य पुढे येतं, आणि छातीत हलकी ऊब जाणवते. साडेनऊ टक्के पहिल्यांदा जाणवतात ते इथे. ग्लासाच्या आतल्या बाजूला प्रत्येक घोटामागे फेसाची एक जाळीदार रेघ राहिलेली दिसेल. ब्रसेल्स लेससाठी प्रसिद्ध आहे, त्यावरून बिअरवाले या जाळीलाही ‘ब्रसेल्स लेस’ म्हणतात. रेघा मोजल्या तर किती घोटांत इथवर आलात ते कळतं. अर्ध्या ग्लासात पाच-सहापेक्षा कमी असतील तर वेग कमी करा.

तळाचं यीस्ट

ग्लासात दोन-तीन घोट उरले की बाटली उचला, हलकेच गोल फिरवा, म्हणजे तळाचं यीस्ट सुटेल. ते ग्लासात ओता. बिअर गढूळ होते, चव गोलसर आणि पावासारखी होते, कडवटपणा मवाळ पडतो. काहींना हे आवडतं, काही ते बाटलीतच सोडून देतात. मला ट्रिपलमध्ये आवडतं, गडद बिअरमध्ये नाही. पोट नाजूक असेल तर टाळा. पण एकदा तरी आधी आणि नंतर, दोन्ही घोट घेऊन बघा.

दुसरी घ्यायची का

एक तास झाला असेल, पोटात जेवण असेल आणि दुसऱ्या कोणासोबत वाटून घेणार असाल तर घ्या, आणि गडद घ्या. शिमे ब्लू ९ टक्के किंवा रोशफोर ८, ती ९.२ टक्के. क्रम नेहमी फिकटाकडून गडदाकडे, हलक्या चवीकडून भारी चवीकडे. उलट केलंत तर गडदच्या चवीनंतर ट्रिपल पाण्यासारखी लागते. गडद बिअर सुरुवातीपासूनच थोडी उबदार, १२ अंशांच्या आसपास चाखा. अंजीर, खजूर, भाजलेला गूळ, कधी चॉकलेट. ती चव गडद साखर, माल्ट आणि यीस्ट मिळून देतात. एकटे असाल तर दुसरी उद्यासाठी ठेवा.

परतीचं आधीच ठरवून ठेवा. बेल्जियममध्ये गाडी चालवताना रक्तात अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि अशी एक बाटली बऱ्याच जणांना त्याच्या पुढे किंवा अगदी काठावर नेते. सायकललाही हाच नियम लागू आहे, भाड्याची सायकल घेतली असेल तर लक्षात ठेवा. मेट्रो आणि ट्राम मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात. ‘लादिस्यों, सिल वू प्ले’ म्हटलं की बिल येतं. बिल येईपर्यंत बाटलीच्या लेबलचा एक फोटो काढा आणि फोनवर तीन शब्द लिहून ठेवा, तुमच्या भाषेत, जसे सुचले तसे. पुढच्या वेळी तीच बिअर मागवाल तेव्हा ते शब्द उघडून वाचा, आणि मग पहिला घोट घ्या.